शेजारच्या सीटवरचं दुःख : एसटी-रेल्वेत अनोळखी माणसाला ख्रिस्ती धीर कसा द्यावा

मराठवाड्यात माणूस हौसेनं कमी आणि अडचणीनं जास्त प्रवास करतो. सकाळच्या पहिल्या एसटीत नजर फिरवा. कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट असतं, कुणी घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, भरती असलेल्या माणसाचा डबा घेऊन निघालेलं असतं, कुणी मातीला चाललेलं असतं, कुणी बँकेची नोटीस घडी करून खिशात घालून तालुक्याला. मंडळीत (चर्चमध्ये) नव्यानं आलेल्या विश्वासणाऱ्याला अशा वेळी वाटतं की शेजारच्या माणसाला दोन शब्द धीराचे द्यावेत, जमलं तर प्रार्थना करावी. वाटणं रास्त आहे. पण उपदेश दर रविवारी ऐकायला मिळतो; खिडक्यांच्या खडखडाटात, तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरच्या देखत हे करायचं कसं, ते कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, कारण पुढच्या सगळ्या सूचना तिच्यावर उभ्या आहेत. तो माणूस चढला त्यापेक्षा हलका होऊन उतरला पाहिजे. त्यानं तुमचं ऐकलं का, पुस्तक घेतलं का, नंबर दिला का, याचा हिशोब ठेवायचा नाही. जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर, एसटीनं दीड तास. एवढ्या वेळात पुरं होईल तेवढंच हाती घ्या. अर्धवट टाकलेलं सांत्वन त्या माणसाला जड जातं.

१. निघण्याआधी पिशवीत काय असावं

- पाण्याच्या दोन बाटल्या. एक आपली, दुसरी सीलबंद.
- ओआरएसची दोन पाकिटं. पूर्ण पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (मोठं पाकीट एक लिटरला), अर्धं पाकीट अंदाजानं नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडच्या गाड्यांत चक्कर येणारे बरेच असतात.
- दोन स्वच्छ सुती रुमाल. दिलेला रुमाल परत मागायचा नसतो.
- दहा-वीसच्या नोटा, चहासाठी.
- पेन आणि चार कोऱ्या चिठ्ठ्या.
- स्तोत्रसंहितेसह छोटा नवा करार. पिशवीच्या तळाशी, हातात नाही.
- एका कागदावर हे नंबर: ११२ (तातडीची मदत), १०८ (रुग्णवाहिका), १३९ (रेल्वे), १८१ (महिला), १०९८ (मुलं), १४४१६ (टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी मोफत आणि मराठीतही). फोनची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते, म्हणून कागदावर.

काय नेऊ नये तेही सांगायला हवं. पत्रकांचा गठ्ठा नको. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र नको, त्यानं शेजारचा आधीच सावध होतो. आणि अभिषेकाच्या तेलाची बाटली अजिबात नको. अनोळखी माणसाच्या कपाळाला तेल लावलंत की पुढं तुम्ही कितीही खुलासा केलात तरी गाडीतल्या लोकांना एकच गोष्ट दिसलेली असते.

तीन वचनं तोंडपाठ ठेवा: स्तोत्र ३४:१८, मत्तय ११:२८ आणि पूर्ण तेविसावं स्तोत्र. पाठ म्हणजे बोली मराठीत सांगता येतील अशी. ‘मन मोडलेल्यांच्या देव जवळ असतो’, ‘येशू म्हणाला, थकलेल्यांनो माझ्याकडं या’ एवढं साधं. यिर्मया २९:११ मात्र घरीच ठेवा. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतं, पण त्याच्या आधीच्याच ओवीत बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं काढायची आहेत असं सांगितलंय. कर्करोगाच्या रुग्णालयातून परतणाऱ्याला ‘देवाच्या मनात तुमच्या हिताच्याच योजना आहेत’ म्हणणं म्हणजे त्या वचनाचाही चुकीचा वापर आणि त्या माणसाचाही.

२. कुणाशी बोलायचं, कुणाला राहू द्यायचं

रडणारा माणूस ओळखू येतो. न रडणारा ओळखायला वेळ लागतो. तोंडाला पदर लावून खिडकीकडं वळलेली बाई, हातातला केस पेपर पुन्हा पुन्हा उघडून मिटणारा माणूस, तिकिटाचे सुटे घ्यायला विसरलेला, फोनवर ‘माती किती वाजता?’ एवढंच विचारून गप्प झालेला. लातूरहून निकालानंतर घरी निघालेली मुलंही यात येतात; कानात इअरफोन असतो पण गाणं चालू नसतं. हंगाम संपल्यावर कारखान्यावरून परतणारी ऊसतोड कुटुंबं पाहा: गाठोडी, भांडी, लेकरं सगळं सोबत, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही.

पुढच्या लोकांच्या वाटेला जाऊ नका: झोपलेला, फोनवर बोलणारा, दारू प्यायलेला, आणि घरच्यांच्या घोळक्यात बसून रडणारा. ज्याला आपली माणसं आहेत त्याच्या दुःखात तुमची जागा नाही. पाणी पुढं करा आणि आपल्या सीटवर बसा. रेल्वेत रात्री दहानंतर कुणालाही बोलतं करू नका. दहानंतर मोठ्यानं बोलू नये असा नियमही आहे आणि दिवे मालवल्यावर अनोळखी आवाजाची भीतीही वाटते.

आठ-दहा वर्षांचं लेकरू एकटं, घाबरलेलं दिसलं तर सांत्वनाच्या आधी १०९८, रेल्वेत असाल तर १३९ किंवा रेल्वे पोलीस, एसटीत कंडक्टर. लेकराला आपल्यासोबत उतरवून नेऊ नका, कितीही माया आली तरी.

३. बसायचं कुठं

पुरुष असाल आणि समोर एकटी बाई असेल तर तिच्या शेजारी जाऊन बसू नका. मंडळीतली बहीण सोबत असेल तर ती बसेल. नसेल तर मागच्या सीटवरच्या एखाद्या मावशीला हळूच सांगा, ‘त्या ताईंना बरं नाही वाटत, जरा बघता का?’ तुमचं काम तिथं संपलं, आणि ते पुरेसं झालं. येशूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं (मार्क ६:७), त्याचा हा अगदी व्यवहारी फायदा आहे.

समोरच्याची बाहेर जायची वाट अडवू नका. तो खिडकीशी आणि तुम्ही वाटेवर असाल तर पाय आखडून, जरा तिरकं बसा. हात धरणं, पाठीवर हात ठेवणं, डोक्यावर हात ठेवणं नको. म्हाताऱ्या आजीनं स्वतः तुमचा हात धरला तर सोडवून घेऊ नका, एवढाच अपवाद.

४. पहिलं वाक्य

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं. ‘का रडताय?’ हा प्रश्न पोलिसी वाटतो. ‘येशू तुमच्यावर प्रेम करतो’ हे पहिलंच वाक्य असेल तर समोरचा माणूस दुःख विसरून पाकीट सांभाळू लागतो.

पहिलं वाक्य पाण्याचं किंवा वाटेचं असावं. ‘मावशी, पाणी घेता का?’ ‘काका, कुठवर?’ वयानं मोठ्या बाईला मावशी किंवा आजी, माणसाला काका, मामा किंवा बाबा, बरोबरीच्याला भाऊ, दादा, ताई. मुसलमान असतील तर चाचा, खाला, आणि बोलणं आपल्या दखनी हिंदीत. त्यांनी रामराम केला तर रामराम, जय भीम केला तर जय भीम, सलाम केला तर सलाम. आपला ‘जय ख्रिस्त’ पुढं रेटायची ही वेळ नाही.

आपल्याकडं एक खोड आहे: ‘कोणतं गाव?’ झालं की पाठोपाठ ‘कोणाचे तुम्ही?’ येतं. गाव विचारा, आडनाव विचारू नका. आडनावाबरोबर जात उघडी होते आणि माणूस मिटतो.

एका शब्दात उत्तर आलं तर थांबा. ‘घाटीला चाललो’ असं आलं तर एकच पुढचा प्रश्न: ‘कोण आहे तिथं?’ त्यानंतर तुम्ही गप्प.

खाण्यापिण्याबद्दल खबरदारी. अनोळखी माणसाकडून खायला घेऊ नका अशी सूचना रेल्वेत सतत दिली जाते, आणि ती बरोबर आहे. म्हणून उघडं बिस्किट, घरचा लाडू, थर्मासातला चहा देऊ नका. सीलबंद बाटली त्यांच्याच हातानं उघडू द्या. चहा हवा असेल तर गाडी स्टँडवर थांबल्यावर चहावाल्याकडून दोन कप घ्या, एकाच किटलीतले, आणि आधी आपण प्या.

५. ऐकणं

दीड तासाच्या प्रवासात तासभर ऐकण्यात गेला तर प्रवास नीट चालला आहे असं समजा. ऐकण्याचा नमुना शास्त्रातच आहे, आणि तोही वाटेवरचा. लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोन खचलेली माणसं यरुशलेमहून अम्माऊसला निघालेली असतात. येशू त्यांच्या बरोबरीनं चालू लागतो आणि विचारतो, कशाबद्दल बोलताय? सगळं ठाऊक असलेला विचारतो, आणि त्यांचं पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतो. शास्त्र उलगडून सांगतो ते त्यानंतर. गाव आल्यावर तर पुढं निघून जायचा रोख दाखवतो. ते दोघे ‘राहा’ म्हणतात तेव्हाच थांबतो. विचारणं, ऐकणं, आणि बोलावल्याशिवाय आत न शिरणं, या तिन्ही गोष्टी तिथं आहेत. बहुतेक जण मधला शास्त्राचा भाग तेवढा उचलतात.

एसटीत ऐकण्याची एक अडचण असते ती आवाजाची. गाडी धावत असताना बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडलं की त्या माणसाचं घरचं दुःख सहा सीटपर्यंत पोचतं. म्हणून गाडी चालू असताना फक्त कान द्या, मान हलवा. तुमचं वाक्य गाडी थांब्यावर थांबेल तेव्हासाठी ठेवा. रेल्वेत तुलनेनं सोपं जातं, पण जनरल डब्यात गर्दी असेल तर हाच नियम.

मध्ये शांतता पडली की ती भरायची घाई होते. मनात तेविसावं स्तोत्र एकदा पूर्ण म्हणा, सावकाश. सहा ओव्या होईपर्यंत बहुतेक वेळा तो माणूसच पुन्हा बोलू लागतो.

ऐकताना त्यानं वापरलेला शब्दच वापरा. तो ‘पोरगं गेलं’ म्हणाला तर तुम्हीही ‘गेलं’ म्हणा. ‘देवाघरी गेलं’ करू नका. आजाराचं नाव त्यानं घेतलं नसेल तर आपणही घेऊ नका. अनेकदा सोबतच्या रुग्णाला ते सांगितलेलं नसतं आणि तो पलीकडच्याच सीटवर डोळे मिटून पडलेला असतो.

६. ही वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले (ईयोब २:१३). तोवर ते उत्तम मित्र होते. पुढचे कितीतरी अध्याय बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

- ‘देवाची इच्छा.’ पीक वाहून गेलेल्याला, लेकरू गमावलेल्या आईला हे ऐकून देव म्हणजेच आपला वैरी असं वाटतं. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूरकडं ज्यांच्या शेतातली मातीच खरवडून गेली, त्यांना कारण सांगणारे तुम्ही कोण?
- ‘सगळं ठीक होईल.’ तुम्हाला माहीत नाही.
- ‘तुमच्यापेक्षा वाईट परिस्थिती असलेले आहेत.’ असतील. त्यानं याचं कर्ज फिटत नाही.
- ‘माझ्या मावशीलाही अस्संच झालं होतं.’ आता गोष्ट तुमच्या मावशीची झाली.
- ‘विश्वास ठेवा, बरे व्हाल.’ म्हणजे बरा झाला नाही तर दोष त्याच्याच विश्वासाचा.
- ‘गोळ्या बंद करा, प्रार्थना पुरे.’ हे कधीच नाही, कुठल्याही आजारात नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते पापच होतं.

दुखावलेल्या मनापुढं गाणी म्हणणं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण काढून घेणं, अशा अर्थाचं नीतिसूत्र आहे (२५:२०). फोनवर ख्रिस्ती गाणं लावून ‘हे ऐका’ म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

मग बोलायचं काय? फार थोडं. ‘फार जड आहे हे.’ ‘एकट्यानं सगळं बघताय तुम्ही.’ ‘किती दिवस झाले झोप नाही?’ शेवटचा प्रश्न विशेष उपयोगी पडतो. कधी नाही ते कुणीतरी रुग्णाऐवजी त्याच्याबद्दल विचारलेलं असतं.

तो माणूस तुळजापूरला नवस फेडायला, परळीला किंवा खुलताबादच्या दर्ग्याला चालला असेल. ‘आईनंसुद्धा बघितलं नाही माझ्याकडं’ असं तो म्हणाला तर तिथं आपला देव पुढं सरकवायची संधी दिसते. ती घेऊ नका. तो त्याच्या देवाशी भांडतोय. भांडणात शिरून फायदा उठवणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

७. प्रार्थना

आधी विचारा, आणि पूर्ण विचारा. ‘काका, मी ख्रिस्ती आहे. तुमच्या लेकीसाठी येशूच्या नावानं दोन वाक्यांची प्रार्थना करू का? नको असेल तर मनातल्या मनात करीन.’ यात तीन गोष्टी आल्या: कोण, कुणाच्या नावानं, आणि नाही म्हणायची मोकळी वाट. फक्त ‘प्रार्थना करू का?’ विचारून शेवटी येशूचं नाव घेतलं तर ती फसवणूक झाली.

‘बरं’, ‘करा की’ म्हणजे हो. ‘बघू’, ‘राहू द्या’, नुसतं हसणं किंवा खिडकीकडं बघणं म्हणजे नाही. दुसऱ्यांदा विचारू नका. अठरा वर्षांखालच्यांना आईबापाच्या गैरहजेरीत विचारूच नका.

हो म्हणाले तर:

- डोळे उघडे, हात आपल्या मांडीवर, आवाज शेजारच्यालाच ऐकू येईल इतका.
- अर्धा मिनीट. घड्याळ लावून घरी सराव करा. नवशिक्याची प्रार्थना तीन मिनिटांवर जाते.
- मंडळीतली भाषा नको. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘बंधनं तोडतो’, ‘हालेलुया’ हे शब्द बाहेरच्याला कळत नाहीत, आणि ‘बंधनं तोडतो’ ऐकून करणी-भानामतीचाच संशय येतो.
- त्यानं सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत देवाला सांगा.

उदाहरणार्थ: ‘हे देवा, बापा, हे काका लेकीच्या ऑपरेशनसाठी चाललेत. डॉक्टरांच्या हाताला यश दे. पैशाची सोय होऊ दे. काकांना आज रात्री दोन तास झोप लागू दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन.’

झोप मागायला संकोच करू नका. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रात्र काढणाऱ्याला ती मोठी गोष्ट असते. ‘ती पूर्ण बरी होईल असं मी जाहीर करतो’ अशी भाषा मात्र टाळा. जाहीर करायला तुम्ही दवाखान्याचे अधिकारी नाही आणि देवही नाही.

प्रार्थना झाल्यावर लगेच वचन, वचनानंतर साक्ष, असं करू नका. आमेन म्हणा आणि पाण्याची बाटली पुढं करा. त्यांनीच विचारलं, ‘तुमचा देव काय म्हणतो?’ तर पाठ केलेल्या तिनांपैकी एक वचन सांगा.

८. हाताला लागेल अशी मदत

खरं तर बऱ्याच वेळा हीच पायरी प्रार्थनेच्या आधी येते. मातीला निघालेल्या माणसाला एकच घोर असतो: वेळेवर पोचेन का? मातीच्या आत तोंड दिसेल का? त्याला धीर म्हणजे पुढच्या स्टँडवर जोडगाडी किती वाजता आहे ते कंडक्टरला विचारून देणं, त्याच्या घरी फोन लावून ‘इतक्या वाजता पोचतायत, थांबा’ असं सांगायला मदत करणं, उतरल्यावर त्याची पिशवी उचलून धावणं. त्या धावपळीत वचन सांगायला वेळ मिळाला नाही म्हणून हळहळू नका.

दवाखान्याला निघालेल्यांसाठी ही माहिती चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, पैसे भरण्याआधी त्याला भेटायचं, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद सोबत ठेवायचे, चौकशीसाठी १५५३८८. घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ असो की नांदेडचं विष्णुपुरी, पहिल्यांदा जाणारा माणूस आधी दारातच हरवतो. ‘आत गेल्यावर आरोग्यमित्र विचारा’ हे एक वाक्य त्याला घेऊन जाऊ द्या.

पैशाबद्दल आमचं मत जरा कडक आहे. रोख देऊ नका. फारच गरज दिसली तर तिकीट किंवा औषध स्वतः काढून द्या. आणि ज्याला असं काही विकत घेऊन दिलंत, त्याच्यासमोर त्या प्रवासात येशूचं नाव काढू नका. त्याला नाही म्हणता येणार नाही, आणि बघणाऱ्याला ते आमिष दिसेल. मदत आणि प्रार्थना यातलं एकच निवडायची वेळ आली तर मदत निवडा. येशूच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या जखमीला पाहून थांबलेल्या शोमरोन्यानं तेल, द्राक्षारस, जनावर आणि खाणावळवाल्याला दोन दिनार दिले. त्यानं उपदेश केल्याचं लूकनं कुठं लिहिलेलं नाही.

ऊसतोड माणूस मुकादमाची, उचलीची गोष्ट सांगेल. ऐका. सल्ला देऊ नका, मुकादमाला फोन लावू नका. तुम्ही पुढच्या स्टँडवर उतरणार. त्याला पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा त्याच कोयत्याला जायचंय.

९. जीव द्यायची भाषा आली तर

‘आता सुटायचंच’, ‘माझ्यामागं लेकरांचं बघतील कुणीतरी’, ‘कर्ज माझ्याबरोबरच जाईल’ अशी वाक्यं आली की बाकी सगळं बाजूला. सरळ विचारा: ‘दादा, जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळा होतो.

हो म्हणाला तर पुढचं विचारा: कधी, कसं, जवळ काही आहे का? पिशवीत फवारणीच्या औषधाची बाटली असेल तर ती मागून घ्या, झटापट करू नका; कंडक्टरला सांगा. त्याला एकटं उतरू देऊ नका. त्याच्या फोनवरून त्याच्या माणसाला फोन लावा आणि कुठल्या स्टँडवर घ्यायला यायचं ते ठरवा. १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या. धोका लगेचचा असेल तर ११२. ‘कुणाला सांगू नका’ असं तो म्हणेल. तसा शब्द देऊ नका. आत्महत्या पाप आहे, नरक आहे, हे या क्षणी बोलू नका. ज्याला आधीच आपण ओझं वाटतोय त्याच्यावर आणखी एक ओझं पडतं.

विष घेतलेलंच असेल तर १०८ लावा, आणि गाडीत असाल तर चालकाला गाडी थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात घ्यायला सांगा. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. डाव्या कुशीवर झोपवा, औषध सांडलेले कपडे काढा, बाटली किंवा तिचं झाकण सोबत न्या. डॉक्टरला नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो. प्रार्थना पळता पळता मनात.

१०. पुस्तिका, नंबर आणि कायदा

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांत सगळ्यांना माहीत असते. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसानं त्यांना नवा करार दिला. पुढं १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट ऐकून नवे लोक डब्यात पुस्तकं वाटू लागतात. तो माणूस आधी टिळकांशी कवितेबद्दल बोलला, हे विसरलं जातं. शिवाय त्या डब्यात टिळक वाद घालायच्या तयारीचे, वाचणारे कवी होते. तुमच्या शेजारी तीन रात्री न झोपलेली आई आहे.

म्हणून नियम असा: मागितलं तरच द्या. सीटवर ठेवून उतरणं, खिडकीतून देणं, डबाभर वाटणं नाही. स्वतःचा नंबर त्यांनी मागितला तर चिठ्ठीवर लिहून द्या. त्यांचा नंबर घेऊ नका. मग पुढं बोलायचं की नाही ते त्यांच्या हातात राहतं.

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदानं धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे मर्यादांसह. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. धीर देताना हे सगळं आठवायची गरज पडू नये. पडत असेल तर तुमचा धीर कुठंतरी दुसरीकडं वळलाय.

कुणी प्रवासी आक्षेप घेऊन आवाज चढवू लागला तर वाद नको. ‘बरं भाऊ, थांबतो’ म्हणा आणि खरंच थांबा. हक्क सांगत बसलात तर दुःखी माणूस भांडणाचं कारण बनतो, आणि मोबाईल वर होतात.

११. उतरताना आणि उतरल्यावर

उतरायच्या पाच मिनिटं आधी सांगा, ‘माझा स्टॉप येतोय.’ मध्येच उठून गेलात तर ऐकवलेलं सगळं त्यालाच ओशाळं करतं. तो आधी उतरणार असेल तर पिशवी दारापर्यंत द्या. फोटो नाही, सेल्फी नाही, ‘पुन्हा नक्की भेटू’ नाही.

मन बेचैन राहिलं तर पाळकांशी बोला, नाव-गाव न सांगता. त्या लेकीचं ऑपरेशन कसं झालं, ते दादा घरी पोचले का, हे तुम्हाला बहुधा कधीच कळणार नाही, आणि त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

प्रार्थनेच्या ग्रुपवर लिहायचं असेल तर ‘एका काकांच्या लेकीसाठी प्रार्थना करा’ एवढंच लिहा. गाडी, गाव, दवाखाना, आजार, आडनाव काही नको. आपल्याकडं प्रत्येक ग्रुपात त्या गावचा कुणीतरी असतोच, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी त्या काकांच्या वाड्यात पोचते.

सीलबंद बाटली दिली असेल तर स्टँडवरूनच दुसरी घेऊन पिशवीत टाका. परतीची गाडी आहे.